काकीच्या खाचराचा पंचनामा

आमचं गाव तळेघरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. उताराला दगडी बांध घालून केलेली खाचरं आणि त्यात भात, एवढीच शेती. त्या वर्षी श्रावणात दोन दिवस असा पाऊस कोसळला की ओढा काकीच्या खाचरातून वाहिला. बांध पडला, भात गेलं आणि माती वाहून खालचा कातळ उघडा पडला.

काकी एकटीच. काका वारलेले, मूलबाळ नाही. मी घोडेगावच्या वसतिगृहात राहून, सरकारी शिष्यवृत्तीवर आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. वसतिगृहातून सुट्टीला आले की तिच्याच चुलीपाशी जेवायचे.

पाऊस उघडला तशी गावाने पडकई केली. पडकई म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, त्याने जेवू घालायचं आणि पुढे इतरांच्या शेतात राबून फेड करायची. उरलेली मातीही जाईल म्हणून काकीचा बांध लगोलग उभा केला. पंचनाम्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग तलाठी मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या. नुकसानीचा फोटो जागेवरच काढावा लागतो, असं त्यांनी सांगितलं आणि समोर पाहिलं तर बांध धडधाकट. मदत मिळाली नाही, तर नवी माती आणायला काकीकडे काही नव्हतं. आणि मातीशिवाय पुढच्या वर्षी भात नव्हतं.

"पडला व्हता," काकी म्हणाली. "आमी नीट केला."

शेजारचे म्हातारबाबा हळूच म्हणाले, "मॅडम, परत पाडू का? पाडायला लई टाइम नाय लागायचा."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. काकी मात्र हसली नाही.

"लोकांच्या हातचा बांध हाय. मदत न्हाई मिळाली तरी चालंल. दगडाला हात लावायचा न्हाई."

मॅडम खाचरात उतरल्या, बांधाच्या कडेने चालत गेल्या आणि मध्येच थांबल्या. जुने दगड शेवाळाने काळेहिरवे होते. मधला मोठा भाग कोरा, भुरकट. पुरात जेवढं पडलं होतं, तेवढंच नवं दिसत होतं. त्याचा फोटो त्यांनी काढला, मग उघड्या कातळाचाही काढला. पंच म्हणून सह्या कोण करणार, असं विचारल्यावर बांध घालणारे सगळेच पुढे झाले.

खाली बघताना मॅडमना बाकीची खाचरं दिसली. त्यांचे बांध अजून पडलेलेच होते. ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. पंचांचीच होती.

"स्वतःचं तसंच ठेवून इकडं आलात?"

"ही एकटी हाय," म्हातारबाबा म्हणाले. "आमच्या घरात हात हायेत."

 मॅडम चप्पल हातात घेऊन खालच्या खाचरांकडे निघाल्या, एकेक बघायला. मी त्याच गावात वाढले, पण आपलं गाव मी त्या दिवशी त्यांच्या मागे चालताना पहिल्यांदा पाहिलं, असं मला वाटतं.

काकीच्या खात्याला माझा मोबाईल नंबर जोडलेला होता. दिवाळीनंतर मी घोडेगावच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत असताना मदतीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. आमचा ओढा ज्यांनी कधी पाहिला नाही, अशा कुठल्या कुठल्या सरकारी टेबलांवरून काकीचा बांध फिरून आला होता.

घरी जाऊन तिला सांगितलं. मातीच्या ट्रॉल्या आता येतील, हे तिला कळलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"गावाची फेड मी करीन, लावणीला जाईन समद्यांच्यात," ती म्हणाली. "पण सरकारचं खाचर कुठं असतं गं? तिथं कधी जायचं राबायला?"