हुलग्यानं ओळख सोडली तो दिवस

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही… पण घडलं ते लिहिते.

मी सोलापुरात पीएच.डी. करते. विषय हुलगा, म्हणजे कुळीथ. हुलग्यात एक प्रोटीन असतं. ‘ए’ गटाच्या रक्तपेशींवर जी विशिष्ट साखर असते, तिला ते घट्ट पकडतं आणि पेशींच्या गुठळ्या होतात. माझा गट ए. म्हणून रोज बोट टोचून आधी स्वतःच्याच रक्तावर अर्क तपासायचा, मग पुढचं काम.

हुलगे मी बाजारात गंगव्वांकडून घ्यायची. त्या कर्नाटक सीमेजवळच्या दुधनीच्या, निम्मं कन्नड बोलणाऱ्या. पिशवी भरण्याआधी मूठभर दाणे गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची त्यांची सवय.

त्या सकाळी दाणे ठेवले आणि त्या माझा हात सोडेचनात.

“यव्वा, हुलगं तुला ओळखंना झालंय.”

“म्हणजे?”

“रक्त तपासून घे की. आजच जा.”

मी काय संशोधन करते हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ‘कॉलेजात लागतात’ एवढंच. मी हसले, लॅबला गेले, बोट टोचलं… गुठळ्या जवळजवळ नाहीतच. अर्क खराब झाला असेल, म्हणून मैत्रिणीचं ए गटाचं रक्त घेतलं. त्याच अर्कानं लगेच गुठळ्या!

दुपारी दवाखान्यात गेले. रक्ताचा गंभीर आजार निघाला, पण अगदी सुरुवातीचा. अशा आजारात पेशींवरची ती साखर कमी होऊ शकते – हे पुस्तकात आहे. तेवढं मला समजतं. पुण्यात वर्षभर उपचार झाले, आता बरी आहे.

परतल्यावर पहिल्यांदा गंगव्वांना गाठलं. “तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. “हाताला कळलं, यव्वा. कसं, ते मला बी ठाव न्हाय. तू शिकलेली हायस, तूच सांग की.”

योगायोग म्हणावा, तर ‘आजच जा’ का म्हणाल्या?

हे सगळं मी लॅबच्या वहीत लिहून ठेवलं होतं. माझ्या गाईड मॅडमना वही दाखवताना ते पान खोडायला पेन काढलं, तर त्यांनी माझा हात धरला.

“थिसिसमध्ये घालू नकोस,” त्या म्हणाल्या. “पण खोडूही नकोस.”