डाव्या हाताची गाठ

दुपारचं जेवण आणि श्रावणातलं ऊन, दोघंही माणसाला आडवं करायला टपलेलीच असतात. कुंदा तरी अजून बसलेली आहे. लिलूताईंच्या अंगणात, कवठी चाफ्याच्या बुंध्याला टेकून, मांडीवर हातकरवत घेऊन. कानाजवळच्या फांदीवर तिनेच जूनमध्ये बांधलेली गुटी आहे: साल गोल सोलायची, ओलं शेवाळ लावायचं, वर गोणपाट आणि पट्टी. आत मुळं फुटली असली तर फांदी कापून कुंडीत लावायची, झालं नवं झाड. नसली तर चाफा कायमचा गेला.

कारण झाड उद्या तुटणार आहे. लिलूताई गेल्या वर्षी दिवाळीआधी वारल्या, घर विकलं गेलं, आणि नवे मालक पाटणकर सकाळीच सांगून गेलेत, "काकू, उद्या झाडं तोडणारे येतायत. हवं ते आजच न्या." चांगलं बोलला बिचारा. आपण काय देतोय हे त्याला कुठलं ठाऊक?

पण कुंदाला धीर धरवेल तर ना! किंचित उघडून बघावं म्हणून तिने गाठ सोडलीय. पट्टीचं टोक बोटांत आहे, आणि तेवढ्यात पापण्या जडावतात.

"हात काढ."

लिलूताई समोर उभ्या आहेत. अंगात नर्सचा पांढरा गणवेश, पायात चिखलाने भरलेल्या सपाता. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई, झाडांनाही पेशंटसारखीच दटावायची.

"जखम भरली का बघायला रोज पट्टी सोडतात का गं?"

"ताई, आत मुळं नसली तर?"

"नसली तर उघडून काय चिकटवणार आहेस?"

कुंदाला हसू येतं. मेल्यावरसुद्धा बाईची जीभ तीच आहे, आणि त्याचं तिला केवढं बरं वाटतं.

ताई चालू लागतात, कुंदा मागोमाग. अंगण संपतं तिथे वॉर्ड आहे. खाटांवर कुंड्या ठेवल्यात. लिलूताई एकेकीच्या मातीत बोट खुपसून ओल बघतात, नाडी बघावी तशा. शेवटच्या खाटेवर एक वाळलेली तुळस आहे.

"ही तुझी."

कुंदा ओशाळते. लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या हातून तीन तुळशी गेल्या. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, हिच्या हाताला यश नाही. ते इतकं लागलं की ती कुंडीपाशी जाईना. मग एका सकाळी शेजारच्या लिलूताईंनी कुंपणावरून हाक मारली आणि तिची बोटं धरून मातीत खुपसली. "यशबिश काही नसतं. तू पाणी फार घालतेस. लाडाने मारतेस रोपाला." चौथी तुळस जगली.

खाटा आता नाहीत. ओटा आहे, आणि ओट्यावर चहाचं आधण उकळतंय.

"ताई, एक कबूल करायचंय. तुमची अबोली, शेवंती, तो गावठी गुलाब, सगळं मी चोरून नेलं. तुम्हीच म्हणायचात, चोरलेलं रोप हटकून लागतं."

"अगं कुंदे, मग मी सारखी चहा टाकायला आत का जायचे? मला कुठे चहा चालायचा? पित्त व्हायचं."

कप नेहमी दोन यायचे, आणि ताईंचा पायरीवर तसाच निवून जायचा, हे कुंदाला आत्ता आठवतं.

"माझी बाग बघायला लोक फाटकाशी थांबतात, ताई. ती तुमची आहे. मी कधी बोलले नाही."

"बोलूही नकोस. आभार मानले की कलम रुसतं." पण त्यांचे डोळे भरलेत. "चल, अर्धं सोडून ठेवलंयस ते."

पुन्हा चाफा. ताई डाव्या हाताने पट्टी गुंडाळतात. डावखुऱ्या बाईची गाठ कायम उलटी पडायची. दवाखान्यात ती सोडताना इतर नर्सांची बोटं अडखळायची.

"उघडायचं नाही. दाबून बघायचं. टणक लागलं तर काप."

"आणि तुम्ही?"

"मी जरा चहा टाकते," म्हणत लिलूताई पाठ फिरवून आत जातात.

कुंदाला जाग येते. ऊन पायांवरून सरकून पायरीवर गेलंय. ती फांदीकडे बघते. पट्टी घट्ट गुंडाळलेली आहे, टोक आत खोचलेलं आहे, आणि गाठ उलटी आहे. ती सोडावीशी वाटते, पण कुंदा बोट लावत नाही. अंगठ्याने गुटी दाबून बघते. आत टणक लागतं.

ती सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. दाराला पाटणकरांचं कुलूप आहे. चहा होईपर्यंत वेळ आहे, असं मनाशी म्हणत कुंदा करवत उचलते.