बाहेरचं बटण

दिव्यांच्या दुकानात तिला सगळे 'बसाकाकू' म्हणायचे. नाव कोणी ठेवलं ते मालकालाही आठवत नव्हतं. का ठेवलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीवरचा दिवा मागायला वकील येवो की नवं जोडपं, काउंटरमागून काकूंचा पहिला शब्द ठरलेला. "बसा."

"वेळ नाहीये हो. तो पितळी दाखवा."

"दिव्याखाली जन्मभर उभे राहणार आहात? नाही ना? मग बसा."

गिऱ्हाईक मुकाट्याने स्टुलावर टेकायचं. पाठ भिंतीला. "डोळे मिटा. आता अंधार आहे, उजेड हवाय. हात लांब करा." बोटं आपसूक जिथे टेकतील तिथे काकू खडूने रेघ मारायच्या. "हे तुमचं बटण. वायरमन उभ्याने माप घेतो, म्हणून घरोघरी दिवे माणसाच्या डोळ्यांत घुसतात."

"आणि बटण दाराबाहेर ठेवलं तर?"

"न्हाणीघराचं ठेवा, अडगळीच्या खोलीचं ठेवा. माणूस राहतो तिथे नाही."

एकवीस वर्षं लोकांना आरामात बसवणाऱ्या ह्या बाईला स्वतःच्या घरात मनासारखा उजेड कधी मिळाला नव्हता. नवरा होता तेव्हा त्याचे डोळे दुखायचे, म्हणून ती अंधारात पडून राहायची. मुलगा लहान होता तेव्हा त्याची झोप मोडायची, म्हणून ओट्याशी उभी राहून वाचायची. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, घरात सून आली. आणि काकूंना जरा आपली आपली म्हणावी अशी खोली मिळते न मिळते तोच नात वरच्या वर्गात गेली.

"आई, तिला अभ्यासाला खोली हवी गं," मुलगा म्हणाला. "तू मागच्या छोट्या खोलीत जाशील? रंगबिंग देऊन मस्त करून देतो."

मागची छोटी खोली म्हणजे अडगळीची. जुने पंखे, फुटक्या बादल्या तिथे राहत. काकूंनी एकच अट घातली. "पलंगाशी भिंतीवर दिवा हवा. मी निवडलेला."

"दिव्यांच्या दुकानातच तर असतेस, निवड की! फक्त भिंत फोडायला लावू नकोस."

भिंत फोडायची नाही म्हणजे जुनी वायर तशीच, बटणही जुनंच, दाराबाहेर. काकू मनातल्या मनात हसल्या. असल्या अडचणी त्या रोज चुटकीसरशी सोडवायच्या. त्यांनी साखळीचा दिवा घ्यायचं ठरवलं. बाहेरचं बटण कायम चालू ठेवायचं आणि आतून साखळी ओढायची, बस्स. तरी आठवडाभर त्या एकेक दिवा लावून बघत होत्या. ह्याचा उजेड पांढराफटक, त्याची काच कोपराला लागेल अशी, तिसऱ्याची साखळी आखूड.

"काकू, दिवा बघताय की जावई?" मालकाने विचारलं.

"जावयाला एवढं कोण बघतं!"

शेवटी कापडी टोपीचा, पिवळसर उजेडाचा एक छोटा दिवा ठरला. पलंगावर बसून, डोळे मिटून त्यांनी स्वतःच्या हाताची रेघ स्वतःच मारली, आणि वायरमनने बरोब्बर त्या मापाने दिवा बसवला. पहिल्या संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांनी पाय उशीवर ठेवले, वाचनालयातलं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं आणि साखळी ओढली. खट्. पानावर उजेड सांडला. दोन तास त्या जागच्या हलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ओढली. खट्. काही नाही. पुन्हा ओढली. खट्. आता दिवा आतून चालू झाला की बंद, तेही कळेना. गुडघे धरत त्या उठल्या. बाहेरचं बटण बंद होतं.

"मीच केलं हो आई," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "जाता-येता हात जातो. इतकी वर्षं अडगळीचं बटण ना ते! चालू दिसलं की वाटतं, कोणीतरी विसरलं."

"आता तिथे मी असते."

"अहो, माहितीये ना!"

त्यानंतर दोनदा, काकू वाचत असतानाच दिवा गेला. दाराबाहेर पावलं वाजली, आणि मग सुनेचा आवाज, "अगंबाई, आत होतात?"

काकूंनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, 'बंद करू नये'. रविवारी पाहुणे यायचे होते. पट्टी निघाली.

"घर आहे की दवाखाना, आई?" मुलगा म्हणाला. "असल्या चिठ्ठ्या कशाला? एक हाक मार, लावून देतो. आम्ही काय परके आहोत?"

"बटण आत घे ना."

"आत्ताच रंग दिलाय गं."

त्या संध्याकाळी साखळी नुसतीच वाजली. काकूंनी हाक मारली नाही. पुस्तक मिटून तशाच बसून राहिल्या. बाहेर नातीने विचारलं, "आजी आली का?"

"आली असेल," सून म्हणाली. "खोलीत अंधार आहे. झोपली असेल."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "आईच्या खोलीत लावायचाय. काहीही साधंसं द्या. आणि बटण बाहेरच ठेवणार आहे, ती बंद करायला विसरते."

"बसा," काकू म्हणाल्या.

"मी? दिवा आईसाठी आहे."

"म्हणूनच. डोळे मिटा. हात लांब करा."

तो हसत हसत बसला. हात पुढे आला, डावीकडे फिरला, उजवीकडे फिरला. काकू खडू हातात घेऊन उभ्या होत्या. रेघ काही मारली नाही.

"लागलं काही?"

"नाही. काय लागायला हवं?"

"मग हाक मारा."

"कोणाला?"

"मला. घरात असले, ऐकू आलं आणि हात रिकामा असला, तर लावीन."

तरुणाने डोळे उघडले. त्याचा हात अजून हवेतच होता.