मुकादमबाईंची अहेरी गाडी

रिकामे हात पाहिले की बाईंच्या पोटात दुखायचं. माणूस रिकामा बसलेला त्यांना चालायचा. नाहीतरी गाडीत बसून माणूस दुसरं काय करणार. पण त्याचे हात मांडीवर नुसते पडलेले त्यांना बघवत नसत. गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून, खाकी शर्टाच्या बाह्या वर सारून त्या सीटपाशी येत, तिकीट देत, सुटे परत करत, आणि त्याच सुरात विचारत, "हात रिकामे आहेत काय जी?" नव्या माणसाला वाटे, सामान विचारतायत. तो भाबडेपणानं "हो" म्हणायचा, आणि त्याच्या मांडीवर दोन ओंजळी तुरीच्या शेंगा येऊन पडायच्या.

चंद्रपूरहून सुटून बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत अहेरीला जाणारी ती सकाळची गाडी. बाई तिच्यावर कंडक्टर. मी बल्लारपुरात चढायचो आणि आष्टीच्या अलीकडे एका गावच्या शाळेवर शिकवायला उतरायचो. माझ्यासारखे रोजचे अपडाऊनवाले बरेच होते. एक तलाठी, एक कंपाउंडर, बँकेतले दोघे, एक-दोन ग्रामसेवक. सगळे शिकलेले, सगळे पगारदार, आणि सगळे सकाळी इस्त्रीच्या पँटीवर रुमाल पसरून दुसऱ्याच्या घरची भाजी निवडणारे. पाठीमागे आम्ही त्यांना मुकादमबाई म्हणायचो. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती, आणि त्यांना ते ठाऊकच होतं.

बल्लारपूरच्या स्टँडवर बाईंची मुलगी कॉलेजला जाता जाता खिडकीतून एक कापडी पिशवी आत सरकवायची. घरात सासू, नवरा, दोन मुलं. बाई पहाटे निघायच्या आणि अंधार पडल्यावर घरी पोचायच्या. मग स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं, सासूच्या गोळ्या, धाकट्याचा अभ्यास, उद्याचा युनिफॉर्म. या सगळ्यातलं घराबाहेर नेता येण्याजोगं काम म्हणजे निवडणं-सोलणं. धुणं गाडीत आणता येत नव्हतं म्हणून, नाहीतर आमच्यापैकी कोणाच्या तरी हाती त्यांनी पिळे दिले असते.

एक नियम मात्र कडक होता. बायकांना त्यांनी कधी एक शेंग दिली नाही. बायकांचं तिकीट अर्धं झालं तेव्हा गाडी लुगड्या-साड्यांनी गच्च भरायला लागली. त्यातली एखादी म्हातारी आपण होऊन हात पुढं करायची, "दे वं, मी सोलून देते." बाई तिचा हात खाली करायच्या. "बसा गुमान. घरी हायेच ना तुमाले. इथी तरी रिकामं बसा." मग त्या सगळ्या जणी टेकून बसत आणि आमच्याकडे बघत. कोठारीचं जंगल सुरू झालं तरी एकीचं लक्ष खिडकीबाहेर नसे. तलाठी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडतो आहे, या दृश्यापुढे सागाच्या झाडांना कोण विचारतो.

बाईंचे यजमान हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. बाई त्यांना 'आमचे साहेब' म्हणत, आणि म्हणताना मशीनचं बटण जरा जोरात दाबत. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं, आणि स्वतःच्या हातानं करणंही नव्हतं. म्हणून त्यांनी धंदे केले. आधी कोंबड्या. त्यातल्या निम्म्या रोगानं गेल्या, उरलेल्या मित्रमंडळानं संपवल्या. मग मोबाइलचं दुकान. शेवटी थंड पाण्याचे कॅन. त्यासाठी बाईंच्या वडिलांनी बांधलेलं, बाईंच्या नावावरचं घर तारण ठेवून मोठं कर्ज काढलं. चंद्रपूर जिल्ह्यात, मे महिन्यात, थंड पाणी विकून बुडालेला माणूस मी एवढा एकच पाहिला. ओळखीच्यांच्या लग्नाला, तेरवीला, सभेला कॅनच्या गाड्या जात, आणि पैशाचा विषय निघाला की साहेब म्हणत, "पाण्याचे कोणी पैसे घेते काय?" विचार थोरच आहे. फक्त कर्ज देणाऱ्याला तो पटत नाही.

"सही मीच केली," बाई एकदा म्हणाल्या. "त्यायनं बोट ठेवलं, तिथी केली. तिकिटावरचं गाव मी दोनदा वाचते गुरुजी, आन् घराचा कागद एकदा नाई वाचला." त्यांचा अर्धाअधिक पगार किस्तीत जायचा. किस्ती थकल्या तर घरावर जप्तीची पाटी लागणार, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही माहीत असावं, पण ते तेव्हा पुढच्या धंद्याचा विचार करत असत.

एका महिन्यात पगार लांबला, तेव्हा वसुलीचा पोट्टा थेट गाडीत चढला. चारचौघांत लाज काढली की पैसे निघतात, हे त्याला शिकवलेलं. मोठ्यानं म्हणाला, "म्याडम, या महिन्याची किस्त बाकी आहे." बाईंनी मशीन सावरलं. "कुठलं देऊ?"

"म्याडम, मी किस्तीचं बोलून राह्यलो."

"आन् मी तिकिटाचं बोलून राह्यली. गाडी सुटली. विनातिकीट सापडला त दंड लागन तुले."

त्यानं मुकाट्यानं कोठारीचं तिकीट काढलं. बाई सुटे मोजून देत म्हणाल्या, "पगार झाला का त्याच दिवशी भरते. तोवर हात रिकामे आहेत काय?" पोट्टा कोठारीपर्यंत लसूण सोलत गेला. पुढं त्याची सवयच झाली. पगाराच्या सुमारास तो चढायचा आणि न सांगता लसणाची पुडी मागून घ्यायचा. त्याच्या पाकळ्या आमच्यापेक्षा स्वच्छ निघत. सालं काढण्याचाच धंदा त्याचा.

हे असं चाललं असतं, पण आलापल्लीला नव्यानं बदलून आलेले एक अधिकारी गाडीत बसू लागले. पश्चिमेकडचे, बोलणं एकदम छापील. बाईंनी त्यांच्या मांडीवर सांभाराची जुडी ठेवली तेव्हा ते म्हणाले, "मी प्रवासी आहे, आपला नोकर नाही." बाई म्हणाल्या, "नोकर कोण म्हणते जी? हात रिकामे दिसले." त्यांनी जुडी सीटवर ठेवली, मोबाइल काढला, आणि शेंगा सोलणाऱ्या अख्ख्या गाडीचा फोटो घेतला. तक्रार त्याच दिवशी आगारात गेली.

दोन दिवस बाईंनी कोणालाही "हात रिकामे आहेत काय" असं विचारलं नाही. पिशवी मात्र आणली. शेंगा तशाही सोलायच्याच होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सीटपाशी थांबून हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मले घरी बसवलं त किस्त कोण भरन? बाबानं एकेक वीट आणून बांधलं जी ते घर." एवढी वर्षं त्या बाईला मी रागावलेली, वैतागलेली, झोपेला आलेली पाहिली होती. भ्यालेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी शेंगा सोलत राहिलो.

कोठारीच्या पुढं, रस्त्याला दोन्हीकडून जंगल असलेल्या जागी, एसटीच्या तपासणीची गाडी आडवी उभी होती. इन्स्पेक्टर आत आले. वयानं मोठे, मिशा पांढऱ्या, रोजच्या प्रवाशांना चेहऱ्यानं ओळखणारे. त्यांनी आधी तिकिटं तपासली, पैसे जुळवले. चोख होतं. मग ते सीटांमधून सावकाश चालत आले आणि तलाठ्याच्या मांडीकडे पाहून थांबले.

"या शेंगा कोणाच्या?"

"माझ्या," तलाठी म्हणाला.

"या?"

"माझ्या जी," कंपाउंडर म्हणाला.

सगळ्यांच्याच स्वतःच्या निघाल्या. इन्स्पेक्टर म्हणाले, "म्हणजे गाडीतल्या झाडून सगळ्या गड्यांनी आजच तुरीच्या शेंगा घेतल्या?"

"हंगाम आहे साहेब," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि गाडीतच सोलायला बसले." ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

मी म्हणालो, "घरी वेळ मिळत नाही." मागच्या सीटवरची एक म्हातारी त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

इन्स्पेक्टरांनी कागदावर लिहून घेतलं: हिशेब बरोबर, प्रवाशांजवळ भाजी आढळली. बाईंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उतरताना मात्र पायरीवर थांबून म्हणाले, "संध्याकाळी मी बल्लारपूरच्या स्टँडवर आहे. ज्याच्या शेंगा, त्यानं त्या घरी न्यायच्या. एकही परत पिशवीत जाता कामा नये." त्या माणसाला सगळं कळलं होतं, आणि शिक्षाही त्यानं नेमकी दिली होती. फक्त ती केवढी आहे, हे आम्हाला तेव्हा उमगलं नाही.

संध्याकाळी रुमालात बांधलेल्या शेंगा मी घरी आणल्या. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी खाली बसलो, रुमाल सोडला, आणि हात आपोआप चालायला लागले. डोळे टीव्हीवर, दाणे वाटीत, टरफलं बाजूला. थोड्या वेळानं मान वर केली तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"हे कवा शिकले तुम्ही?"

मी गाडीतली सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "बावीस वर्षं झाले लग्नाले. चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नाई या माणसानं. आन् तिथी दुसरीच्या घरच्या शेंगा सोलून राह्यला." मला वाटलं, आता चांगलीच तासंपट्टी. पण तिनं एकदम विचारलं, "तिचा नवरा काय करते?"

"काही नाही."

"काऊन, हात नाईत काय त्याले?" तिनं वाटीतले दाणे उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "उद्यापासून आपला लसूण बी घेऊन जा." त्या रात्री त्या दाण्यांचा सोलेभात फार छान झाला होता, पण मागून घ्यायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत चढलो तेव्हा कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात घरून दिलेली पिशवी. तलाठ्याजवळ अंबाडी, कंपाउंडरजवळ मेथी, बँकवाल्यांपैकी एकाकडे तर तांदूळ निवडायला दिलेले. बाई तिकिटं देत देत शेवटच्या सीटपर्यंत गेल्या, एकेकाची मांडी बघितली, आणि मागं उभ्या राहून पदर नसताना तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसल्या. आभार वगैरे मानले नाहीत. "आपापलं झालं का माझ्या शेंगा घ्या," एवढंच म्हणाल्या.

पुढं काही वर्षांनी कर्ज फिटलं. घराचे कागद हातात आले त्या आठवड्यात बाईंनी आम्हा अपडाऊनवाल्यांना रविवारी जेवायला बोलावलं. अंगण सारवलेलं, दारावर पंचशीलाचा ध्वज. पहिल्यांदाच त्यांना साडीत पाहिलं. ओळखायला क्षणभर लागला. स्वयंपाकाची भाजी अंगणात ढीग करून ठेवलेली होती. कोणी सांगितलं नाही, पण आम्ही सगळे त्या ढिगाभोवती बसलो आणि कामाला लागलो. वसुलीचा पोट्टाही आला होता. त्यानं लसूण ओढून घेतला.

साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आमच्याशी गप्पा मारत होते. माणूस बोलायला गोड, त्यात वाद नाही. म्हणाले, "आता अळिंबीचं करावं म्हणतो. फार स्कोप आहे. घराचे कागद मोकळे झालेच आहेत, थोडं लोन उचललं का झालं." या भागात पावसाळ्यात अळिंबी जंगलात फुकट उगवते. आमचे सगळ्यांचे हात थांबले. पोट्ट्याच्या हातातली पाकळी खाली पडली. बाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या; त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सणाचा रंग उतरताना मी पाहिला, आणि त्या माणसाचा मला इतका राग आला की तो अजून गेलेला नाही.

बाई मात्र भांडल्या नाहीत. जेवणं वाढता वाढता शांतपणे म्हणाल्या, "माझ्या घरचा एक सोडून अख्ख्या रस्त्यावरचे माणसं कामाले लावले मी." साहेब मोकळेपणानं हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

निघताना बाईंनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून त्यांना जवळची गाडी मिळाली आहे, अहेरीला त्या येणार नाहीत. मग त्यांनी ती जुनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. वरपर्यंत लसूण भरलेला. "घरी नेजा गुरुजी. पण तुम्ही उघडू नोका. तुमच्या घरच्या बाईच्या हातात द्या."

बायकोनं पिशवी परातीत उपडी केली. लसूण घरंगळला, आणि खालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे कागद निघाले. तेवढ्यात तिचा फोन वाजला; नंबर बाईंनी जेवताना माझ्याकडूनच घेतला होता. पलीकडून बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाई, ठेवून घ्या जी तुमच्याजवळ. घरी असले का साहेबाले धंदे सुचतात. आन् गुरुजीले चाबी नोका देऊ. साहेब गोड बोलून मांगतीन आन् ते देऊन टाकतीन; मी बी बोट ठेवलं तिथी सही केली होती."

त्या दोघी तोवर एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या. बायकोनं "हो बाई" म्हणून फोन ठेवला, कागद कपाटात साड्यांच्या खाली सरकवले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कागद अजून तिथंच आहेत, आणि किल्ली मी अजून हातात धरलेली नाही. मग तिनं परात पायानं माझ्याकडे ढकलली.

"बसा," म्हणाली. "हात रिकामेच आहेत तुमचे."