शुक्राचं पांघरूण

सन २०२३, आर्द्रा नक्षत्र. आता काय सांगायचं, त्या आठवड्यात मी माझं अर्धं बियाणं शिजवलं. तेही चूल न पेटवता.

आमचं गाव चामोर्शीजवळ. पऱ्ह्यांसाठी, म्हणजे लावणीच्या रोपांसाठी, धान भिजवून मोड आणायचे होते. नात प्रज्ञा चंद्रपूरला कॉलेजात शिकते, ती घरी आलेली, ग्रहांचं सांगत होती.

"आबाजी, शुक्र आन् पृथ्वी जवळपास एकाच मापाचे. दोन्ही दगडाचे. पण शुक्राची भट्टी झाली."

"सूर्याजवळ आहे ना. चुलीजवळचा माणूस तापतेच."

"बुध तर अजून जवळ आहे. तरी शुक्रच जास्त तापते. त्याच्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, गरमी बाहेर निघत नाई."

"आन् मंगळ?"

"तो लहान. त्याले पांघरूण धरून ठेवता नाई आलं. हवा उडाली, पाणी गेलं, थंडा पडला."

"पांघरुणानं कोणाचं वाटोळं होत नाई," मी म्हणालो. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण मोड आणणं मला कोणी शिकवावं?

पैज लागली, कोणाचे मोड आधी निघतात. भिजल्या धानाचे दोन सारखे ढीग केले. तिनं आपल्या ढिगावर एक ओलं पोतं घातलं. सकाळ-संध्याकाळ हातानं धान हलवायची. माझे मोड आधी निघायला पाहिजेत म्हणून मी पोत्यावर ताडपत्री टाकली. मग गोधडी.

शेजारची शेवंताबाई कुंपणावरून म्हणाली, "भाऊ, बाळंतीण निजवली का?"

मी दुसरी गोधडी टाकली.

तिसऱ्या दिवशी उघडलं. तोंडावर वाफ आली. आत घातलेला हात झटकन मागे घेतला. आंबट वास सुटलेला. तिच्या धानाला पांढरे मोड, माझं मेलेलं.

"सावलीत होतं हे. इथी सूर्य कुठून आला?"

"मोड येताना धान सोताच तापते, आबाजी. शुक्राले ऊन तापवते. पण दोघायचीबी गरमी आत कोंडली."

घरात बियाण्याचा दाणा उरला नव्हता. शेतातल्या अर्ध्या बांध्या पडीत राहणार होत्या. मी कधी कोणापुढे हात पसरला नाही. कुंपणापर्यंत गेलो आणि खोकलो. शेवंताबाईनं कुंपणावरून माझा मेलेला ढीग पाहिला. बियाण्याचं पोतं आणून माझ्यासमोर ठेवलं.

प्रज्ञानं ते भिजवलं. पांघरूणही तिनंच घातलं. एकच.

मळणी झाल्यावर तेच पोतं नव्या धानानं भरून शेवंताबाईकडे नेलं.

"उघडंच आणलं का, भाऊ? थंडी वाजन ना त्याले."

मी पोतं ओसरीवर ठेवलं आणि घरी आलो.