वन्संची फळ्याची फेरी

अख्ख्या सोलापुरात पडणाऱ्या वस्तूला सुखाने पडू न देणारी आणि हलणाऱ्या वस्तूला सुखाने हलू न देणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी नणंद आहे. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण. जुळे सोलापुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि वन्सं तिसऱ्या, म्हणजे बरोब्बर आमच्या डोक्यावर. वरून धप्प असा आवाज आला की पाहुणे दचकतात, आम्ही दचकत नाही. वन्संनी काहीतरी वरून खाली सोडलं असणार आणि ते किती वेळात पोचतं हे त्या बघत असणार, एवढं गृहीत धरून आम्ही पुढचा घास घेतो. मुलींच्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि रीतसर निवृत्त झाल्या. पण जगातल्या पदार्थांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, त्यांच्यामागचा वन्संचा ससेमिरा काही सुटला नाही.

तरुणपणी त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घराणं चांगलं. त्याने कपातला चहा बशीत ओतला आणि वन्संनी खाली घातलेली मान वर करून विचारलं, "बशीत ओतल्यावर चहा लवकर का निवतो, सांगता?" तो बिचारा म्हणाला, "निवतोय तर निवू द्या की, आपल्याला काय करायचंय?" लग्न तिथेच मोडलं. ही गोष्ट सांगताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि वन्सं मात्र आजही म्हणतात, "उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं गं. पण आपल्याला काय करायचंय म्हणजे काय?"

तर अशा या वन्सं गेली कित्येक वर्षं एका शिक्षण मंडळाच्या स्पर्धेसाठी प्रश्न काढत आल्या आहेत. नववी-दहावीच्या मुलांसाठी पदार्थविज्ञानाची स्पर्धा. शहरातल्या शाळा असतात, बार्शीच्या असतात, पार सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्याही असतात. प्रश्न काढणं म्हणजे पुस्तकातला आकडा बदलून तोच प्रश्न पुन्हा छापणं, असं आपल्याला वाटतं. वन्संना पुस्तकातले प्रश्न वाचले की अंगावर पित्त उठतं. 'पृष्ठभाग घर्षणरहित आहे असे समजा.' 'दोरीला वजन नाही असे समजा.' 'हवेचा अवरोध नाही असे समजा.' "का म्हणून समजू?" वन्सं कडाडतात. "बाजारात जाऊन बिनवजनाची दोरी आण, मग समजते!" त्यांचा नियम असा की प्रश्नातली वस्तू सोलापुरात मिळाली पाहिजे आणि प्रश्नातली घटना आधी स्वतः घडवून बघितली पाहिजे. त्यामुळे बुडाला भोक असलेली बादली वरून सोडली तर पडता पडता भोकातून पाणी गळतं का, या एका प्रश्नापायी तळमजल्यावरच्या निवृत्त तहसीलदारांना भर दुपारी अंगणात दुसरी आंघोळ घडली. ते संतापून वर आले. वन्संनी दार उघडून अत्यंत आशेने विचारलं, "बरं झालं आलात! पाणी तुमच्यावर बादलीच्या आधी पडलं, की बादलीबरोबर?" तहसीलदार चक्क विचार करायला लागले. संताप राहिला बाजूला, आणि पुढे आठवडाभर गच्चीवरून बादल्या सोडायला तेच पुढे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही त्या एकदा टॉवेलच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मागावरचा धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि परत फिरतो. परत फिरताना तो क्षणभर थांबतो की नाही? मालकाला आधी वाटलं, सरकारी तपासणी आली. त्याने खुर्ची दिली, सोडा मागवला, नवा टॉवेल हातात ठेवला. तासाभराने त्याचा माझ्या यजमानांना बँकेत फोन. "साहेब, तुमच्या ताईंना घेऊन जावा की. माझी सगळी माणसं धोटा थांबतो का बघत उभारल्यात. तेलुगूत भांडणं लागल्यात. काम बंद हाय." यजमान गेले, आणि तेही तिथेच बघत उभे राहिले.

या सगळ्या कारभारात माझं स्थान फार मोठं आहे, हे मी विनयाने नमूद करते. मी पतपेढीत नोकरी करते आणि दहावीला विज्ञानात काठावर पास झाले होते. त्याच बळावर वन्संनी मला परीक्षेचं यंत्र म्हणून नेमलं आहे. प्रत्येक नवा प्रश्न आधी मला घालायचा. मला प्रश्नच कळला नाही तर भाषा चुकली, पुन्हा लिहायचा. मला उत्तर आलं तर प्रश्न फारच सोपा, फाडून टाकायचा. प्रश्न पुरता कळला आणि उत्तराचा मात्र पत्ता नाही, असा माझा चेहरा झाला की वन्सं टाळी वाजवतात. "अस्सा चेहरा हवा! जमला प्रश्न!" माझ्या अज्ञानाचा एवढा सन्मान माहेरीही कधी झाला नव्हता.

स्पर्धेत वन्संचा जीव अडकलेला असे तो शेवटच्या फेरीत. तिला सगळे फळ्याची फेरी म्हणत. वरच्या क्रमांकाची मुलं एकेक करून फळ्यापाशी यायची, प्रश्न ऐकायचा, चित्र काढायचं आणि सगळ्या सभागृहासमोर सांगायचं, असं का होतं. नुसतं उत्तर सांगून भागत नसे. खडूने हात पांढरे करत, अडखळत, पुसत, पुन्हा काढत मुलं विचार करायची, आणि तो विचार करतानाचा चेहरा बघायला वन्सं वर्षभर थांबलेल्या असायच्या. पण या फेरीला वेळ लागे, वाद होत, पालक तक्रारी करत. मंडळाचे अध्यक्ष चादरींचे व्यापारी, माणूस सज्जन आणि भित्रा. गेल्या वर्षीच्या स्पर्धेआधी ते वन्संना म्हणाले, "मॅडम, यंदा एक जरी तक्रार आली ना, तर पुढच्या वर्षीपासून चार पर्यायांचा पेपर. गोल काळे करायचे, मशीन तपासणार. आमच्या डोक्याला ताप नको." वन्सं घरी आल्या त्या न जेवता वर गेल्या. त्या रात्री धप्प आवाज आला नाही, तेव्हा मात्र आम्ही दचकलो.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर रिक्षाने बाजारात निघाल्या होत्या. रिक्षात आरशाला लिंबू-मिरची टांगलेली. रिक्षा सुरू झाली तशी ती मागे झुकली, ब्रेक लागला तशी पुढे आली. वन्संनी माझा दंड असा धरला की मला वाटलं यांना काही होतंय. "प्रश्न!" त्या ओरडल्या. बाजार राहिला. आसरा चौकापासून होटगी रस्त्यावरून आम्ही नुसत्या जात-येत होतो. वन्सं कंपासमधला कोनमापक लिंबाजवळ धरून बसलेल्या. रिक्षावाला बराच वेळ सोसून शेवटी म्हणाला, "मॅडम, आपकू जाना कां है, ये तो बताव!" वन्सं म्हणाल्या, "कुठेच नाही. तुम्ही फक्त एका वेगाने चालवा." प्रश्न तयार झाला. रिक्षाच्या पुढे बांधलेल्या लिंबू-मिरचीचा दोरा रिक्षा सुरू होताना, एकाच वेगाने सरळ धावताना आणि ब्रेक लागताना कसा दिसेल? चित्र काढा आणि कारण सांगा. माझा चेहरा हवा तसा झाला. उत्तर वन्संनी त्याच फेऱ्यांत बघून ठेवलं होतं. आधी मागे, मग सरळ खाली, मग पुढे.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, तहसीलदार माझ्या शेजारी. पहिले प्रश्न कसे गेले मला आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठीकडे होतं. शेवटी दोनच स्पर्धक उरले, दोघांचे गुण सारखे. शहरातल्या मोठ्या शाळेचा एक चुणचुणीत मुलगा आणि सांगोल्याकडच्या एका वस्तीवरची मुलगी. तिच्या घरी शेरडंमेंढरं, आणि शाळेला ती सायकलवरून यायची, असं तिच्या सरांनी ओळख करून देताना सांगितलं होतं. लिंबू-मिरचीचा प्रश्न निघाला. मुलाने तीन चित्रं काढली. मागे, सरळ, पुढे. कारणंही चोख. टाळ्या. मग मुलगी आली. तिने पहिलं चित्र काढलं, मागे. दुसरं काढलं, तेही मागे, जरा कमी. परीक्षकांनी मान हलवली. अध्यक्षांनी हुश्श केलं आणि करंडकाकडे हात नेला.

मुलगी खडू ठेवून जाईना. "मॅडम," ती खालमानेने म्हणाली, "लिंबू रिक्षाच्या भायेर हाय की. वारं लागतंय त्याला. सरळ कसं ऱ्हाईल?"

सभागृहात कोणीतरी हसलं. ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "मी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवते. एकाच स्पीडनं चालले तरी ती मागंच उडती. डबा घातला तर थोडी, मोकळी असली तर लई."

मी वन्संकडे बघितलं. आणि माझ्यासारख्या काठावर पास झालेल्या बाईलाही कळलं. आमची लिंबू-मिरची रिक्षाच्या आत होती, काचेच्या मागे! हवेचा अवरोध नाही असं समजायला जन्मभर नकार देणाऱ्या वन्सं स्वतःच हवा विसरल्या होत्या. अध्यक्ष लगबगीने त्यांच्या कानाशी आले. "मॅडम, उत्तरसूचीत आहे तेच धरू. पोरगी लहान आहे, विसरून जाईल."

"ती विसरेल हो," वन्सं म्हणाल्या, "मी कशी विसरू?" आणि माइक हातात घेऊन ओरडल्या, "चला सगळे रस्त्यावर!"

त्यानंतर जे झालं ते सोलापूरने पुन्हा बघितलं नसेल. मुलं, शिक्षक, पालक, परीक्षक, सगळी जत्रा रस्त्याच्या कडेला. पुढे लिंबू-मिरची बांधलेली रिक्षा तहसीलदारांनी आडवे होऊन थांबवली. रिक्षावाला आधी घाबरला, मग प्रकरण कळल्यावर इतका रंगला की दर वेळी परत येऊन विचारायचा, "और एक राऊंड मारू क्या?" वन्सं पदर खोचून मध्ये उभ्या. "स्पीड एकच ठेवा! एकच!" पी.टी.च्या सरांनी शिट्टी मारून वाहतूक अडवली. तो शहरातला मुलगा कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून रिक्षाच्या बरोबरीने मोबाइलवर चित्रण करत गेला, आणि लांबूनच त्याचा आवाज आला, "मागंय! मॅडम, मागंय! सरळ नाहीये!" स्वतःचा करंडक चालला होता आणि पोरगं आनंदाने नाचत होतं. मीही ओरडत होते. का ओरडत होते ठाऊक नाही, पण लिंबू मागे झुकलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि ते का झुकलं हे मला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

वन्संनी त्या मुलीचे दोन्ही खांदे धरले. "माझं उत्तर चुकलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हिचं बरोबर आहे." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. मुलगी मात्र रडायला लागली. तिला वाटलं, मॅडमना वाईट वाटलं असेल.

करंडक तिला मिळाला. आणि त्याच संध्याकाळी मुलाच्या वडिलांची लेखी तक्रार मंडळाकडे आली. ऐन स्पर्धेत उत्तर बदललंच कसं, असा त्यांचा सवाल. तक्रार करू नका, असं मुलाने घरी फार सांगून बघितलं म्हणे. अध्यक्षांनी वन्संना बोलावून चहा पाजला आणि हात जोडले. फळ्याची फेरी बंद झाली.

यंदाचा पेपरही वन्संनीच काढला. महिनाभर त्यांच्या टेबलावरचा कागद कोरा होता. "एक खरं उत्तर लिहिते गं," त्या मला म्हणाल्या, "पण प्रत्येक प्रश्नाला तीन खोटी उत्तरं कुठून आणू?" शेवटी कशीबशी आणली. स्पर्धा फेब्रुवारीत झाली. सभागृहात पेन्सिलींचा आवाज तेवढा होता. वन्सं दाराशी उभ्या राहून बाहेर पडणाऱ्या मुलांना विचारत होत्या, "कसा गेला?" मुलं शहाण्यासारखी सांगत होती, "सोपा होता, मॅडम." कोणी थांबलं नाही, कोणी भांडलं नाही. अर्ध्या तासात सभागृह रिकामं झालं. फळा भिंतीवर तसाच होता, स्वच्छ पुसलेला, आणि वन्सं त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की शिपायाला दिवे बंद करायला संकोच वाटला.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी निघाले. फेब्रुवारी असला तरी ऊन सोलापूरचं. एरवी एवढ्या रस्त्यात त्यांनी मला दहा प्रश्न विचारले असते. सिग्नल का, सावली का, पंपावरच्या नळीला पीळ का. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. त्यांचं ते गप्प बसणं मला सोसेना. समोर लांबवर रस्ता ओला दिसत होता, पाणी सांडल्यासारखा. आपण जवळ जावं तर ते पाणी आणखी पुढे. इतकी वर्षं मी ते बघत आले होते आणि मला कधी काही वाटलं नव्हतं.

"वन्सं," मी विचारलं, "आपण थांबलो तर ते पाणीपण थांबेल का हो?"

मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"गाडी कडेला घे," वन्सं म्हणाल्या.