चुन्याच्या डबीतला आवाज

केजच्या बाजारात नबीचा गाडा दिसायच्या आधी ऐकू यायचा. बसस्टँडकडून तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्यावर तो पंचवीस वर्षं फळं विकतोय, आणि त्यातली चोवीस त्यानं निव्वळ गळ्यावर काढली. एसटी सुटायला लागली तरी त्याची हाळी ऐकून एखादी बाई खाली उतरायची, कंडक्टर शिव्या घालायचा आणि मग तोही पिशवी पुढं करायचा.

मागच्या साली हा गळा बसला. नबीनं खडीसाखर चघळली, हळद-दूध प्यायला, दर्ग्यातनं ताईत आणून बांधला. तंबाखू मात्र सोडली नाही, कारण तिचा घशाशी काय संबंध, असं त्याचं मत होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. नबीला बरेच दिवस वाटत होतं की ते काढतील, दुरुस्त करतील आणि परत बसवतील. जीपच्या गिअरबॉक्सचं तसंच असतं. परत बसवत नाहीत, हे त्याला सही करताना कळलं.

सही करून आल्यावर दोन दिवस त्यानं गाडा बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेहुणा तन्वीर, जो वरातीला स्पीकर लावायचं काम करतो, मोबाईल घेऊन घरी आला. बोलायचं ते बोलून घ्या भाऊजी, म्हणाला, मी पेनड्राईव्हात भरून देतो, भोंग्याला लावा आणि गाडा हाका. नबी ओट्यावर बसला. मोबाईल बायकोच्या, अकबरीच्या, हातात होता. नबीनं खाकरून घेतलं आणि विचारलं, "अकबरी, चालू झालं का गं ह्ये?"

चालू झालेलं होतंच. अकबरीनं नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून ती काही बोलली नाही. मग नबीनं एका दमात वर्षभराची सगळी फळं सांगून टाकली. धारूरचं सीताफळ, डोळं उघडलेलं, पेरू, लाल गराचा, कलिंगड, थंडगार, केशर आंबा, झाडावर पिकलेला. परत बोलायला घशात ताकद नव्हती, तेव्हा झालं तेच भरलं.

त्यामुळं वर्षभर केजमध्ये एक गंमत चालू राहिली. दिवाळीत लोक नबीच्या गाड्यावर आंबे मागायला यायचे, आणि एप्रिलमध्ये सीताफळं. पण खरी गंमत सुरुवातीची. दर दोन मिनिटांनी भोंगा भर रस्त्यात विचारायचा, "अकबरी, चालू झालं का गं ह्ये?" पोरंटोरं तर सोडाच, अकबरी पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेली की तिथल्या बायासुद्धा तिला हेच विचारायच्या. अकबरीला लाज वाटायची. तेवढं काढून टाका, असं ती नवऱ्याला किती वेळा म्हणाली. नबी मान आडवी हलवायचा. त्याच्या गळ्याला आता श्वासाचं भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. बायकोला हाक मारायची दुसरी कुठलीही सोय त्याच्याकडं उरली नव्हती, आणि हे बायकोला सांगायचीही नव्हती.

आता घोटाळा कसा झाला ते सांगतो.

नबीला अपंगाच्या दाखल्यासाठी दवाखान्याचे कागद अर्जासोबत जोडायचे होते. तहसीलसमोर यशोधरा नावाची बाई ऑनलाईन अर्ज भरायचं दुकान चालवते. कामाला चोख आणि बोलायला गोड. तिनं कागद स्कॅन केले, पण तिच्या प्रिंटरची शाई संपलेली. अशा वेळी केजमध्ये जे करतात तेच तिनं केलं. "चाचा, पेनड्राईव्ह हाय का? ह्याच्यात टाकून देते, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडनं काढून आणा." नबीनं भोंग्याचा पेनड्राईव्ह उपसून दिला. तो एकच त्याच्याकडं होता. समोरच्यानं प्रिंट काढून दिली. तहसीलात बाबू म्हणाला, अर्जाचा नमुना बदललाय, नवा आणा. नबी परत यशोधराकडं आला.

यशोधरानं पेनड्राईव्ह लावला आणि पडद्याकडं बघत राहिली. आत कागद नव्हते, काहीच नव्हतं. नुसतं एक चिन्ह होतं, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. तिनं त्यावर बोट दाबलं. कॉम्प्युटरनं लाल पाटी दाखवली, काहीतरी सापडलं म्हणाला, काढून टाकलं म्हणाला. मग ते चिन्हही गेलं.

"चाचा, ह्याला व्हायरस लागलाय. समोरूनच आला आसंल. सगळं गेलं बघा. आत काय होतं तुमचं?"

नबीनं गळ्यावर हात ठेवला.

"व्हय, दवाखान्याचे कागद. त्याची काळजी करू नका, ते माझ्याकडं हायेत की."

नबीनं जोरात मान आडवी हलवली, परत गळा दाखवला, दाराबाहेरचा गाडा दाखवला. यशोधराला वाटलं, चाचाला घाई हाय, गाडा उन्हात उभा हाय. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "फॉरमॅट मारते, नवाकोरा होईल." फॉरमॅट म्हणजे काय ते नबीला ठाऊक नव्हतं. औषध असावं, असं त्याला वाटलं. त्यानं होकार दिला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

तो शुक्रवार होता. "दोन दिवस तहसीलाला सुट्टी, दुकान बंद. आता सोमवारी या," यशोधरा पेनड्राईव्ह परत देत म्हणाली. "पण तवर ह्यो कुठंच लावू नका. ज्याला लावाल त्याला लागंल."

हे वाक्य नबीला बरोबर कळलं. लागण म्हणजे काय, ते दवाखान्यात महिनाभर राहून तो शिकला होता. हात धुवायचे, रुमाल उकळायचा, वेगळं ठेवायचं. घरी आल्यावर त्यानं जुनी चुन्याची डबी शोधली, तंबाखू सुटल्यापासून रिकामी पडलेली, आणि पेनड्राईव्ह त्यात घालून खाटेखालच्या पेटीमागं सारला. भोंग्यालाही काही होऊ नये म्हणून तो खुंटीला उंच टांगला.

शनिवार, रविवार तो गाडा घेऊन मुकाट फिरला. तराजूच्या पारड्यावर वजन आपटून बघितलं, पण त्या आवाजानं भांड्याला कल्हई लावणारा आलाय असं वाटून एक म्हातारी पातेली घेऊन बाहेर आली. सीताफळ वाट बघत नाही. सकाळी डोळे उघडतात आणि संध्याकाळी अंगाला हात लावू देत नाही. रविवारी अर्धी पाटी शेळ्यांना घालावी लागली.

"भोंगा कावून लावीना तुमी?" अकबरीनं विचारलं. नबीनं बॅटरी संपल्याची खूण केली. ते खोटं होतं. खरं सांगायचं तर कसली खूण करायची, हेच त्याला सुचत नव्हतं. पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा निदान डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, सही घेतली होती. ह्या वेळी एका वाकड्या बाणानं नेला. कुठं नेला, कशासाठी नेला, फळं विकणाऱ्याचा आवाज घेऊन त्याला काय करायचं होतं, नबीच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तो मनातून पार खचला. तन्वीरच्या आवाजात नवीन भरून घ्यायचं त्यानं ठरवलं. तन्वीर बरा माणूस आहे, पण त्याच्या बोलण्यात सीताफळसुद्धा लग्नाच्या निमंत्रणासारखं वाटायचं.

इकडं अकबरीला वेगळाच संशय. नवरा दोन दिवस तोंड पाडून बसलाय, खाटेखाली सारखा वाकतोय. सोमवारी दुपारी नबी नमाजला गेला तसा तिनं खाटेखाली हात घातला, आणि हाताला चुन्याची डबी लागली. एवढं गळ्याला भोक पडलं तरी ह्यानं परत तंबाखू धरली, म्हणून ती डबी घेऊन तशीच मटकन बसली. उघडली तर आत पेनड्राईव्ह.

तंबाखू नाही म्हटल्यावर तिला एवढं हायसं वाटलं की बाकी काही विचारायचं सुचलं नाही. व्हायरस तिला कुणी सांगितला नव्हता, फॉरमॅट तिनं ऐकला नव्हता. तिनं खुंटीवरचा भोंगा काढला, बॅटरी संपलीच असेल म्हणून तासभर चार्जिंगला लावला आणि मग पेनड्राईव्ह खोचून बटण दाबलं.

नबी गल्लीच्या तोंडाशी होता तेव्हा त्याला स्वतःची हाक ऐकू आली. "अकबरी, चालू झालं का गं ह्ये?"

तो चपला न काढता घरात शिरला. बायको भोंग्यासमोर बसलेली, आणि भोंगा पेरू सांगतोय, लाल गराचा. नबीनं झडप घालून पेनड्राईव्ह उपसला. भोंग्याला लागण झाली, हा पहिला विचार. मग दुसरा विचार आला की गेलेला आवाज बोलला कसा. त्यानं परत लावला, परत हाक आली. काढला, गप्प. लावला, हाक. असं चार वेळा झाल्यावर अकबरी म्हणाली, "येडं झालात का तुमी?" नबीनं एका हातात भोंगा घेतला, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि दोघं तहसीलकडं निघाले.

यशोधराच्या दुकानात त्यानं टेबलावर भोंगा ठेवून बटण दाबलं. ऐकून तिचा चेहरा पडला. चाचांनी गळा का दाखवला होता, ते आता तिच्या ध्यानात आलं. "अल्ला, ह्ये होतं व्हय आत," ती म्हणाली, आणि घाबरली की अल्लाही म्हणायची तिला सवय होती, त्याचं तिथं कुणाला काही वाटायचं नाही. "चाचा, आन् मी फॉरमॅट मारणार होते. लाईट गेली न्हसती तर आवाज कायमचा पुसला आसता."

औषध कसलं ते नबीला तेव्हा समजलं. तो स्टुलावर बसला.

पण कोडं सुटलं नव्हतं. तिनं पेनड्राईव्ह कॉम्प्युटरला लावला. परत तोच बाण, आत काही नाही. भोंग्याला लावला, आत नबी. कॉम्प्युटर शिकलेला, तो म्हणतो रिकामं हाय. भोंगा अडाणी, तो म्हणतो भरलेलं हाय. तिनं किती जागा भरलीय ते तपासलं, तर जागा भरलेली. शेवटी तिनं कोर्सला शिकवणाऱ्या भागवत सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

सर हसले. "ह्यो किडा फायली खात न्हाई. एका पेनड्राईव्हातनं दुसऱ्यात जातो, तिथल्या फायलींवर लपल्याचा शिक्का मारतो आन् दारात आपली पाटी लावतो. आपण पाटीवर बोट ठिवलं की त्यो आपल्या कॉम्प्युटरात. कॉम्प्युटर शिक्का मानतो, म्हणून दाखवीत न्हाई. भोंग्याला शिक्का बिक्का कळत न्हाई, त्यो सापडंल ते वाजवितो."

मग सरांनी एकेक अक्षर सांगितलं आणि यशोधरानं काळ्या चौकटीत टाईप केलं. आधी तिच्या कॉम्प्युटरातून त्या किड्याला हुडकून काढला, मग पेनड्राईव्हातली त्याची फाईल पुसली, पाटी पुसली. शेवटची ओळ टाकल्यावर दवाखान्याचे कागद उगवले, आणि त्यांच्याखाली तन्वीरनं नाव दिलेली फाईल, 'भाऊजी'. यशोधरानं तिची एक प्रत आपल्याकडं ठेवली, दुसरी नव्या पेनड्राईव्हात टाकून अकबरीच्या हातात दिली. झेरॉक्सवाल्याला जाऊन सांगते, म्हणाली, त्याच्याकडनं गावभर पसरलं आसंल.

उठता उठता तिला आठवलं. "चाची, मागं गिरणीत बायांना तुमी म्हणत होत्या न्हवं, ते सुरुवातीचं काढून टाकायला पायजे म्हणून? आता फाईल उघडीच हाय. एका मिनटात कापते."

नबीनं अकबरीकडं बघितलं. त्याला मान आडवी हलवायची होती, पण ह्या वेळी ती हलेना. तीन दिवस आपण खोटं बोललो, आता तिचं ऐकावं, असं त्याला वाटत होतं, आणि नकोही वाटत होतं. यशोधरानं कुठून कापायचं ते बघायला फाईल लावली.

"अकबरी, चालू झालं का गं ह्ये?"

दुकानात अर्ज घेऊन बसलेली माणसं हसली. अकबरीनं पदर सावरला.

"झालं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "कवाच झालंय. बोला तुमी."